आकड्यांची बखर

९८०० मोठे की २८०? तिसरीच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर शेवटच्या बाकावरचा मुलगाही पेंगत पेंगत बरोबर उत्तर देईल. पण २००८ च्या उन्हाळ्यात संगणकाच्या दुकानात हाच प्रश्न समोर आला असता तर भल्याभल्यांची दांडी गुल झाली असती. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने त्या वर्षी एप्रिलमध्ये 'जीफोर्स ९८०० जीटीएक्स' हे ग्राफिक्स कार्ड आणले आणि जूनमध्ये 'जीफोर्स जीटीएक्स २८०'. दुसरे पहिल्यापेक्षा बरेच ताकदवान, बरेच महागही. दोन महिन्यांत नऊ हजार आठशेवरून दोनशे ऐंशीवर घसरण, आणि तरी ती बढती!

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे चित्र रंगवणारा स्वतंत्र कारागीर. साध्या कामाला तो वेगळा लागत नाही, पण गेम खेळणाऱ्यांचे त्याच्यावाचून अडते. आमच्या नातवाने दोन वर्षांचे सणावाराचे आणि बक्षिसाचे पैसे साठवून जुने कार्ड बदलायचे ठरवले, आणि मधल्या सुटीत भांडणारी मुले जशी गुरुजींकडे न्याय मागायला येतात तसा कागदावर पाचसहा नावे लिहून माझ्याकडे आला. "आजोबा, यातला मोठा नंबर कुठला धरायचा?" आजकाल मध्यम प्रतीच्या कार्डालाही तीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. एवढ्या पैशाचा प्रश्न 'मला त्यातले काही कळत नाही' म्हणून झटकून टाकणे बरे वाटेना. शिवाय जन्मभर इतिहास शिकवला. या नावांनाही इतिहास असणारच, म्हणून तोच धरून बसलो.

आमच्या इतिहासात बखर आणि अस्सल कागद हा जुना वाद आहे. बखरीत वर्णन झकास, पण ती कोणाच्या पदरी बसून लिहिली ते आधी पाहावे लागते. राजवाड्यांनी आयुष्यभर दप्तरे धुंडाळली ती याचसाठी. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावरचे नाव ही बखर आहे, आणि ती विकणाऱ्याने लिहिलेली आहे, ही एक गोष्ट ध्यानात आली आणि मग पुढचा गुंता हळूहळू सुटत गेला.

सुरुवातीला मात्र नाव आणि आकडा बऱ्यापैकी खरे बोलत. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'व्हूडू' आले, त्यात आकडाच नव्हता. १९९७ साली एनव्हिडियाची 'रिवा १२८' आली. त्यातला १२८ म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी, १२८ बिट. १९९८ ची 'टीएनटी' स्फोटकांची आठवण करून देत असली तरी ती अक्षरे एका वेळी दोन टेक्सेल हाताळण्याच्या कामगिरीवरून घेतली होती. (टेक्सेल म्हणजे वस्तूवर चढवलेल्या नक्षीचा एक ठिपका.) १९९९ साली कंपनीने नव्या चिपचे नाव सुचवण्याची स्पर्धा ठेवली आणि त्यातून 'जीफोर्स' हे नाव निघाले. भूमितीची शक्ती असा त्याचा अर्थ. पहिल्या कार्डाला नाव मिळाले 'जीफोर्स २५६', तेही आतल्या २५६ बिटांच्या रचनेवरून. इथपर्यंत आकडा हे माप होते. फूटपट्टीने मोजावे आणि लिहावे तसे.

पुढच्याच वर्षी, २००० साली, आले 'जीफोर्स २'. दोनशे छप्पन्ननंतर दोन! इथे आकड्याने धंदा बदलला. तो माप न राहता क्रमांक झाला. बाजीराव पहिला, बाजीराव दुसरा असा. आणि दुसरा म्हटल्याने कर्तृत्व पहिल्याइतके किंवा अधिक असतेच असे नाही, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

ते फार लवकर सिद्ध झाले. २००१ साली 'जीफोर्स ३' आले, आणि हा खरोखर मोठा टप्पा होता. त्याआधीच्या चिपला उजेड-सावलीच्या ठरावीक युक्त्या तेवढ्या येत. पाढे पाठ केलेला मुलगा जसा, पाढ्याबाहेरचे विचारले की गप्प. जीफोर्स ३ ला गेम लिहिणारा स्वतःच्या छोट्या आज्ञावल्या देऊ शकत होता. पाणी कसे चमकावे, धातूवर प्रकाश कसा पडावा, हे चिपला नव्याने शिकवता येऊ लागले. या आज्ञावल्यांना शेडर म्हणतात. मग फेब्रुवारी २००२ मध्ये 'जीफोर्स ४' आले, आणि एकाच नावाखाली दोन घराणी आली. एक 'जीफोर्स ४ टीआय', हे जीफोर्स ३ चे खरे वारस. दुसरे 'जीफोर्स ४ एमएक्स', हे स्वस्त. आणि ते मुळात जीफोर्स २ च्याच वंशातले. नवीन प्रकारचे पिक्सेल शेडर त्याला येतच नव्हते. म्हणजे चार नंबरवाला तीन नंबरवाल्यापेक्षा एक पिढी जुना! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

'डूम' या गाजलेल्या गेमचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने त्याच महिन्यात जाहीरपणे लिहिले की नव्या डूमसाठी हे एमएक्स कार्ड कोणी घेऊ नये. पण अशी टिपणे वाचणारे किती? एमएक्स स्वस्त होते म्हणून खपले. पुढे २००४ साली 'डूम ३' आला तेव्हा तो एमएक्सवर चित्रातले काही परिणाम गाळून चालला खरा, पण दुसरे काही गेम शेडर नाही म्हटल्यावर सुरूच होईनात. ज्याच्या हातात पैसे जास्त त्याने टीआय घेतले, त्याचे काही बिघडले नाही. ज्याने काटकसरीने, 'निदान नंबर तरी नवा आहे' म्हणून एमएक्स घेतले, तो मुलगा मात्र गेमची सीडी हातात धरून बसला. या सगळ्या इतिहासात मला हे पुन्हा पुन्हा दिसले. नावाचा गोंधळ महागड्या कार्डांपेक्षा स्वस्त कार्डांत अधिक असतो, आणि स्वस्त कार्ड घेणाऱ्यालाच चूक परवडत नाही.

प्रतिस्पर्धी कंपनी एटीआय ही कॅनडाची. तिची 'रेडिऑन' कार्डे. तिच्या आकड्यांत सुरुवातीला थोडा अर्थ होता. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स या प्रणालीची जी आवृत्ती, तो पहिला अंक. २००१ चे रेडिऑन ८५०० आठव्या आवृत्तीचे, २००२ चे ९७०० प्रो नवव्या आवृत्तीचे. ९७०० प्रो हे कार्ड फार नावाजले गेले, आणि ते योग्यच होते. पण त्याच वर्षी 'रेडिऑन ९०००' आले ते आठव्या आवृत्तीचे, आणि ८५०० पेक्षा हळू! नऊचा अंक वर चढवला, आत आठच. हे कळल्यावर त्या अंकाचे बोट धरून चालणाऱ्याने काय करावे? पुढे ९८०० झाल्यावर अंक संपले, तेव्हा त्यांनी २००४ साली रोमन दहा आणला. रेडिऑन एक्स ८००. पुढच्या वर्षी एक्स १८००. २००६ साली एएमडीने एटीआय विकत घेतली, आणि २००७ पासून 'एचडी' ही अक्षरे लावून पुन्हा २९०० पासून मोजणी. जमिनीच्या उताऱ्यावर फेरफार चढत जावेत तसा प्रकार.

आता त्या २००८ च्या ९८०० जीटीएक्सकडे वळू. ते खरे तर डिसेंबर २००७ मध्ये '८८०० जीटीएस ५१२' या नावाने आलेल्या चिपचेच नवे रूप होते. मार्च २००९ मध्ये तीच चिप थोडी लहान घडवून, 'जीटीएस २५०' या तिसऱ्या नावाने दुकानात आली. एक चिप, तीन नावे, आणि तीन वेगळ्या पिढ्यांची वाटावीत अशी. याला सरळ लबाडी म्हणावे का? मी पुष्कळ विचार केला. नवी चिप घडवायला प्रचंड खर्च येतो, चांगली जमलेली चिप दोन वर्षांत फेकून कोण देईल? शिवाय तयार संगणक विकणाऱ्यांना दरवर्षी खोक्यावर नवा आकडा हवा असतो. किंमत उतरलेली असेल तर नव्या गिऱ्हाइकाचे नुकसानही नाही. नुकसान होते ते जुने ८८०० काढून २५० बसवणाऱ्याचे. त्याने पैसे देऊन आपलेच कार्ड पुन्हा घरी आणले! कार्ड बदलणाऱ्याने म्हणूनच पहिल्यांदा आपले जुने कार्ड नेमके कोणत्या वंशातले हे शोधावे, नव्याचे नंतर.

वंश कुठे कळतो? आतल्या रचनेच्या नावात. ही नावे खोक्यावर ठळक नसतात, पण माहितीच्या तक्त्यात असतात, आणि एनव्हिडियाने ती मोठी छान ठेवली आहेत. फर्मी, केप्लर, मॅक्सवेल, पास्कल, ट्युरिंग, अँपिअर, एडा लव्हलेस, ब्लॅकवेल. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात लावलेल्या तसबिरीच जणू. (डेव्हिड ब्लॅकवेल हे संख्याशास्त्राचे मोठे अमेरिकन गणिती. मला त्यांचे नाव या निमित्ताने कळले.) २०१४ साली 'जीटी ७३०' नावाचे स्वस्त कार्ड निघाले, त्यात काही फर्मी वंशातली होती आणि काही केप्लर. नाव एक, गोत्रे दोन.

जीटीएक्स २८० पासून एनव्हिडियाने जी पद्धत धरली ती, थोडेफार बदल सोडले तर, अजून चालू आहे. नातवाला मी ती शाळेच्या भाषेत सांगितली. आरटीएक्स ४०६० यातले ४० म्हणजे इयत्ता आणि ६० म्हणजे तुकडी. ५० ची तुकडी साधी, ६० बरी, ७० चांगली, ८० आणि ९० हुशार मुलांच्या. इयत्ता साधारण दोन वर्षांनी चढते. १० ची इयत्ता २०१६ ची, २० ची २०१८ ची, ३० ची २०२० ची, ४० ची २०२२ ची आणि ५० ची २०२५ ची. (९ नंतर १०, आणि दहानंतर एकदम २०, का ते विचारू नये.) मागे 'टीआय' किंवा 'सुपर' लागले तर त्याच तुकडीतला थोडा वरचा. एएमडीचीही अशीच रीत होती, फक्त तिच्या ६८०० किंवा ७६०० मध्ये तुकडीचा अंक दुसऱ्या जागी असे. २०२५ साली तिने डेस्कटॉपवर ८००० ची इयत्ताच गाळली, थेट ९०७० आणले आणि तुकडीचा अंक तिसऱ्या जागी सरकवला, प्रतिस्पर्ध्याच्या ७० शी ताडून बघता यावे म्हणून. २००२ चे ९७०० आणि २०२५ चे ९०७०, अंक तेच चार, मध्ये तेवीस वर्षे.

तर आठवी 'ड' मधला मुलगा सातवी 'अ' मधल्या मुलापेक्षा हुशार का? इयत्ता वरची आहे एवढेच खात्रीने सांगता येते. पूर्वी ढोबळ हिशेब असा होता की नव्या इयत्तेतली खालची तुकडी जुन्या इयत्तेतल्या एक-दोन तुकड्या वरच्यांना गाठते. २०१६ चे जीटीएक्स १०६० हे २०१४ च्या ९८० च्या जवळपास पोहोचले होते. तो हिशेब नेहमी लागू पडत नाही. २०१० साली एएमडीने एचडी ५८७० नंतर एचडी ६८७० आणले, ते जुन्यापेक्षा किंचित हळू होते. स्वस्त होते, हेही सांगायला हवे. त्यांनी तुकड्यांची नावेच एक पायरी वर सरकवली होती. २०२३ च्या ४०६० टीआयमध्ये मेमरीची वाट १२८ बिटांची, तर त्याच्या थोरल्या भावाची, २०२० च्या ३०६० टीआयची, २५६ बिटांची. नव्यात चिपच्या पोटात मोठा साठा ठेवून ती उणीव बरीच भरून काढली आहे, तरी मोठ्या पडद्यावर दोघांतले अंतर कमी होत जाते.

त्याहून वाईट म्हणजे एकाच नावाची दोन कार्डे. जीटीएक्स १०६० तीन गिगाबाइट आणि सहा गिगाबाइट अशी दोन होती. वाचणाऱ्याला वाटे, मेमरीचाच फरक. पण तीनवाल्यात गणिते करणारे घटकही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. जीटी १०३० चे तर हसावे की रडावे असे झाले. २०१७ साली आले तेव्हा त्याची मेमरी सेकंदाला ४८ गिगाबाइट पुरवत असे. २०१८ साली त्याच नावाने साध्या डीडीआर ४ मेमरीचे निघाले, ते सुमारे १७ पुरवते. खोक्यावर नाव तेच. पोरगे बिचारे घरी नेऊन ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून बघत बसले असेल.

सप्टेंबर २०२२ मध्ये ही रीत अगदी वरच्या तुकडीत आली आणि तिथे मात्र अंगाशी आली. आरटीएक्स ४०८० या नावाने दोन कार्डे जाहीर झाली, सोळा गिगाबाइटचे ११९९ डॉलरला आणि बारा गिगाबाइटचे ८९९ ला. पहिल्यात ९७२८ घटक, दुसऱ्यात ७६८०, आणि चिपसुद्धा वेगळी. लोक खवळले. ऑक्टोबरमध्ये कंपनीने नाव बरोबर दिले गेले नाही असे सांगून बारावाले बाजारात येण्याआधीच मागे घेतले, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच 'आरटीएक्स ४०७० टीआय' म्हणून ७९९ डॉलरला आणले. म्हणजे एका नावाची किंमत शंभर डॉलर! हजार डॉलरची कार्डे घेणारे आरडाओरडा करू शकतात, त्यांचे ऐकले जाते. जीटी १०३० घेणाऱ्यांसाठी कोणी असे बारसे पुन्हा केले नाही.

लॅपटॉपचा प्रकार वेगळाच. पूर्वी लॅपटॉपच्या चिपच्या नावाशेवटी 'एम' असे. २०१६ च्या १० च्या इयत्तेपासून तो गेला. आता डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६३८४ घटक आणि २४ गिगाबाइट मेमरी, तर लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ आणि १६. ९७२८ म्हणजे डेस्कटॉपच्या ४०८० इतके. शिवाय मोठे कार्ड ४५० वॉट वीज खाते, लॅपटॉपला एवढी द्यायची कुठून? चिप तीच असली तरी एक लॅपटॉप तिला जास्त वीज देतो, दुसरा कमी, आणि त्याप्रमाणे वेग बदलतो. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून लॅपटॉप घेणाऱ्या पालकांनी वॉटचा आकडा विचारावाच. दुकानदार जरा चमकतो, पण सांगतो.

मग अस्सल कागद कोणता? कंपनीच्या संकेतस्थळावरचा तक्ता. रचनेचे नाव, मेमरी किती आणि कोणत्या जातीची, वाटेची रुंदी, वीज किती. मात्र घटकांची संख्या एकाच वंशात ताडून बघावी, दोन वंशांत तिचा उपयोग नाही. आणि कागदही कधी खोटा निघतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. २०१४ च्या जीटीएक्स ९७० वर चार गिगाबाइट मेमरी लिहिली होती. ती होतीही, पण साडेतीन वेगाने चाले आणि उरलेली अर्धी फार हळू. जानेवारी २०१५ मध्ये हे उघड झाले. तक्त्यातले आणखी काही आकडेही चुकीचे निघाले. आतल्या माणसांत नीट बोलणे झाले नाही, असे कंपनीचे म्हणणे. अमेरिकेत खटला झाला आणि २०१६ साली कार्डामागे तीस डॉलर देण्यावर तडजोड झाली. तेव्हा कागदाला साक्षीदारांची जोड हवी. वेगवेगळ्या लोकांनी प्रत्यक्ष गेम चालवून सेकंदाला किती चित्रे उमटतात ते मोजलेले असते. आपल्या पडद्याच्या आकाराचे, आपल्या गेमचे आकडे शोधावेत, आणि दोनतीन ठिकाणचे.

आपला जुना संगणकही साक्षीला बोलवावा. जानेवारी २०२२ चे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डाशी चारच पदरी रस्त्याने बोलते. नव्या मदरबोर्डावर ते खपून जाते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या बोर्डावर मात्र रस्ता तुंबतो, आणि २०१९ चे ५५०० एक्सटीही काही गेममध्ये त्याच्या पुढे जाते. स्वस्त कार्ड जुन्याच संगणकात जाणार हे उघड असताना! पॉवर सप्लायचे वॉट आणि कॅबिनेटची लांबी ही तर घरचीच मोजमापे, त्यांना खोक्यावरचा कोणताही आकडा उपयोगी नाही.

नातवाच्या यादीत शेवटचे नाव जुन्या बाजारातले होते, अगदीच स्वस्त. म्हणून एवढे सांगून ठेवतो. जुन्या फर्मी वंशाच्या चिपवर आतली नोंद बदलून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा काही वर्षांपूर्वी जोरात होता. संगणकही फसतो आणि खोटेच नाव दाखवतो. 'जीपीयू-झेड' नावाचे छोटे, फुकट सॉफ्टवेअर आहे. ते नावावर न जाता आतली चिप वाचते. २०१८ साली त्यात सुधारणा झाली, आणि तेव्हापासून असे कार्ड सापडले की ते नावाआधी कंसात 'फेक' असा शब्द लिहून दाखवते. विकणाऱ्याला पैसे देण्याआधी ते त्याच्याच संगणकावर चालवून बघायला सांगावे. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत यावे.